रिकाम्या गाडीचं माप

"तीस वर्षं गाडी चालवली म्हनता, अन् दोन महिन्यात दोन टायर खाऊन टाकले. खाल्ले का नाई, ते सांगा."

"गाडी मीच चालवत होतो," लटारूभाऊ म्हनले.

"ते मले मालूम हाय. टायर काऊन खाल्ले ते विचारून राह्यलो."

"आता काय सांगू तुले."

"गड्ड्यात आपटत नेली असान. नाईतं मोडावर जोरात कापली असान. वय झालं भाऊ तुमचं, आता दिसत नसन."

हे सगळं माह्या दुकानासमोर चालू होतं. सावली गावात, मूल शहराच्या रोडवर माहं पंक्चरचं दुकान हाय, चार बल्ल्या अन् वर ताडपत्री. बोलून राह्यला होता तो हेमराजभाऊ, माहा चुलतभाऊ, वॅनचा मालक. ऐकून राह्यले होते ते त्याचे ड्रायव्हर लटारूभाऊ. दोघाइच्या मधात दोन टायर पडले होते. बाहेरच्या बाजूनं पाह्यलं तं चांगले वाटत होते. आतली कड मात्र पुरी गेलेली. एकाची तं तार बाहेर निघाली होती, भांडे घासाच्या तारेसारखी. चहाच्या टपरीवरचे चार-पाच जन कप हातात धरून तमाशा पाहून राह्यले होते.

लटारूभाऊनं एकदा माह्याकडं पाह्यलं. एकदाच. मी पाना उचललो अन् ज्या नटाले काईच झालं नोतं तो कसाले लागलो.

"चाबी द्या," हेमराजभाऊ म्हनला.

लटारूभाऊनं चाबी काढली. चाबीले लाल लोकरीचा गोंडा होता, तो त्याइनं नखानं सोडवला, आपल्या खिशात ठेवला, अन् नुसती चाबी टायरवर ठेवली. म्हनले, "बाईले ब्रेकरवर हळू नेजो. सुई लावल्यावर हात ठनकते तिचा." मंग आपल्या गावच्या, जिबगावच्या रस्त्यानं पायीच निघाले. नव्वद किलोचा मानूस, उन्हात, डोक्यावर दुपट्टा टाकून.

ते टायर लटारूभाऊनं खाल्ले नोते. मी खाल्लो होतो.

आता पहिल्यापासून सांगतो. हेमराजभाऊची माय, गोकुळाबाई, ही माही मोठीमाय. तिच्या किडन्या गेल्या. मंगळवारी अन् शुक्रवारी तिले चंद्रपूरले न्या लागते, चार-चार घंटे मशीनवर ठेवतात. घर आमचं मासोळीवालं. बाकीच्या दिवशी हेमराजभाऊ तलावाची मासोळी त्याच वॅनमधून बाजारात नेते, अन् हे दोन दिवस वॅन धुऊन, फिनाइल मारून मोठीमायसाठी. मांगच्या सीटवर तिले उलटी होते म्हनून ती समोरच बसते, ड्रायव्हरच्या बाजूले. पन इको वॅनची समोरची सीट उंच. तिचे गुडघे सुजलेले. लटारूभाऊ लाकडी स्टूल ठेवत, दंड धरत, तरी चढता चढता ती रडत होती. एक दिवस स्टूल सरकला, ती दाराले लोंबकळली अन् नडगी सोलून निघाली.

त्या दिवशी मीच म्हटलो, "गाडीच खाली करून टाकू ना."

हे मले चांगल्या मनानं सुचलं होतं, तेबी सांगतो. सगळंच खराब नोतं.

समोरच्या दोन स्प्रिंगा काढलो, ग्राइंडरनं एकेक वेढा कापलो. मांगच्याबी केलो. वॅन दोन इंच खाली बसली. मोठीमाय आली, दाराजवळ पाठ करून उभी राह्यली, अन् घरच्या ओट्यावर बसावं तशी बसली. मंग पाय आत घेतले. कोनी धरलं नाई. दोनदा उतरून दोनदा बसून पाह्यलन तिनं, लहान पोरीसारखी. "माहा पियुष इंजिनेर हाय," म्हने. दहावी अर्धी सोडल्यापासून मले असं कोनी म्हटलं नोतं.

आता गाडी खाली केली का समोरचे चाक सरळ रायत नाई. वरून आत झुकतात, अन् समोरून बाहेर फाकतात, बदक चालते तशे. मंग टायर रस्त्यावर फिरत नाई, घासत जाते, अन् आतली कड खाऊन टाकते. हे मले मालूम होतं. म्हनून मी दोरी लावलो. दोरी म्हनजे बाबाच्या जाळ्याची नायलॉनची दोरी. वॅनच्या दोन्ही बाजूनं, चाकाच्या अर्ध्या उंचीवर, ताठ तानून बांधाची, दोन्हीइकडं बरोबर अंतरावर. मंग पट्टी घेऊन रिंगची समोरची कड दोरीपासून किती अन् मांगची कड किती, ते मोजाचं. दोन्ही माप सारखे आले का चाक सरळ. नाई आले तं खाली झोपून चाक वळवनाऱ्या टाय रॉडचा नट फिरवाचा, इकडं जेवढा तेवढाच तिकडं. माही दोरी चुकत नाई. मूलचे पोट्टे आपल्या गाड्या घेऊन माह्याकडं येतात.

मी पट्टी लावून राह्यलो होतो अन् लटारूभाऊ बाजेवर बसून पाहून राह्यले होते.

"पियुष, बाईले बसव ना समोर. मीबी बसतो. मंग मोज."

"काऊन?"

"रोज कोन बसून जाते? आमीच ना. डोंगा पान्यात किती बुडते ते मानूस बसल्यावर पाहा लागते. काठाले रिकामा बांधून थोडीच पाहतात."

"हा डोंगा नोहे भाऊ. गाडी होय."

"गाडीतबी मानसंच बसतात."

तेवढ्यात हेमराजभाऊनं आपलं घातलं. "मी काय म्हनतो, हप्ताभर चालू दे. स्प्रिंगा बसू दे नीट. मंग चंद्रपूरले अलाइनमेंटच्या मशीनवर पाहून घेऊ. माय आत असते तेव्हा चार घंटे गाडी उभीच रायते."

मले आग लागली. माहं असंच हाय. कोनी माह्या कामात बोट घातलं का कानामांगं गरम होते अन् मंग तोंडातून जे निघते त्याच्यावर माहा हात नसते.

"मशीनवाला काय देवाकून आला का? अन् लटारूभाऊ, तुमी स्टेरिंग पाहा, मोजाचं मी पाहतो. तुमच्या जमान्यात बैलबंडीले अलाइनमेंट करत होते का?"

टपरीवरचे लोक हासले. लटारूभाऊबी थोडेसे हासले, मानूसच तसा. मले अजून जोर आला. म्हटलो, "मशीनवर नेसान तं माह्या दुकानात पाय ठेवू नका."

नेली नाई त्याइनं. माहा मान ठेवला.

दीड महिन्यानं वॅन पंक्चरले आली. हेमराजभाऊ वॅन लावून बाजारात गेला, लटारूभाऊ त्या दिवशी नोते. समोरचं डावं चाक होतं, मोठीमायच्या बाजूचं. खोललो अन् टायरवर पंजा फिरवलो. आतून बाहेर फिरवला तं गुळगुळीत. बाहेरून आत फिरवला तं करवतीचे दाते. उलटा केलो. आतली कड संपली होती अन् मधूनमधून तार चमकत होती. मी तिथीच उकिडवा बसलो. उजवं चाक उभ्यानंच पाह्यलो, रिंगच्या मांगं हात घालून. तेबी खाल्लेलं, पन तार नोती निघाली.

फोन माह्या हातात होता. "भाऊ, इकडं ये, टायर पाहून घे," एवढंच बोलाचं होतं.

मी काय केलो ते आयका. पहिले दोरी लावलो. माप बरोबर निघालं, अगदी बरोबर. मंग मी मनाले समजावलो का टायरच खराब निघाला असन, दोरी तं बरोबर हाय. गाडीखाली टांगलेली स्टेपनी काढून समोर लावलो, अन् तो तार निघालेला टायर पंक्चर काढून स्टेपनीच्या जागी टांगलो. टांगताना तारेची बाजू वर केलो, गाडीच्या बुडाकडं, म्हनजे कोनी वाकून पाह्यलं तरी दिसू नये. हे मी घाईत नाई केलो. विचार करून केलो.

हेमराजभाऊ आला. "काय होतं?"

"खिळा."

"झालं?"

"झालं."

त्याच्यानंतर तीन हप्ते मी रोज मनात म्हनत होतो का उद्या सांगतो. वॅन समोरून गेली का मी दुसरीकडं पाहत होतो. लटारूभाऊ हॉर्न मारत, मी हात हालवत होतो.

गेल्या शुक्रवारी मूलच्या समोर, चिचपल्लीच्या अलीकडं, जंगलातल्या मोडावर उजवा टायर फुटला. लटारूभाऊनं वॅन सांभाळली, झाडाले नाई लागू देल्ली. तिथी वाघ रस्ता ओलांडते म्हनून मोठीमायले काच लावून आतच बसवलं अन् स्टेपनी उतरवली. स्टेपनी हातात आली तेव्हाच त्याइले कळलं असन. आमच्या वॅनचे चाक माह्याशिवाय कोनी खोलत नाई. तरी दुसरा इलाज नोता. तोच टायर लावून बैलबंडीच्या चालीनं निघाले. लोहारा गावाच्या अलीकडं तोबी बसला. एका पिकअपवाल्यानं मोठीमायले पोचवलं, पन तवरोक तिचा नंबर दुसऱ्याले देल्ला होता. मशीन दुसऱ्या दिवशी भेटली. शुक्रवारची रात तिनं बसून काढली, झोपलं का जीव घाबरे. पाय असे सुजले होते का बोट दाबलं तं गड्डा पडून तसाच राहे.

रविवारी ते भांडन झालं. लटारूभाऊ गेल्यावर हेमराजभाऊ माह्याकडं वळला. "तुले लायसन आलं ना? मंगळवारपासून तूच चालव."

मी हो म्हटलो. मले लटारूभाऊची सीटबी भेटली.

मंगळवारी नवे टायर लावून निघालो. मोठीमाय बाजूले बसली, मांडीवर पान्याची छोटी बाटली. तिले दिवसाचं पानी मोजून पिया लागते, डाक्टरनं सांगतलेलं. बाटलीवर पेनाच्या रेघा होत्या.

"ह्या रेघा लटारूनं मारल्या," म्हने. "मूलपर्यंत ही, चंद्रपूरपर्यंत ही. मी जास्त पेली का तो रागवे. तू नाई रागवत."

"पे ना तू."

"पेऊ नाई म्हनते डाक्टर. तुले ध्यान ठेवा लागते."

थोड्या वेळानं म्हने, "तो चिचपल्लीले गाडी थांबवे. माह्या तोंडावर पान्याचा हात फिरवाले लावे. पेवाचं नाई, नुसतं फिरवाचं."

मी थांबवलो. तिनं तोंडावर हात फिरवला. मंग एकदम म्हने, "लटारू टायर खानारा मानूस नोहे रे. मले एवढं कळते. मी रोज बाजूले बसते, मले हिसका बसत नाई. तुले काय वाटते?"

"मले काय मालूम."

"तुह्या हातचं काम हाय म्हनून विचारली."

मी गेअर टाकलो.

तिले मशीनवर लावलं अन् मी वॅन घेऊन सरळ अलाइनमेंटवाल्याकडं गेलो. म्हटलं, निघू दे काय निघते ते. त्यानं चारही चाकाले पाटे लावले, टीव्हीवर आकडे आले. तो म्हने, "गाडी खाली केली काय?"

"हो."

"सेटिंग कोनं केली?"

"मी. दोरीनं."

"दोरीनं?" त्यानं परत एकदा पाह्यलं. "बरोबर हाय ना बे. झुकाव थोडा जास्त हाय, पन सरळपना एकदम बरोबर. हात चांगला हाय तुहा."

दुसऱ्या कोनत्याबी दिवशी मी हे गावभर सांगतलो असतो. मी फोनमधला जुन्या टायरचा फोटो त्याले दाखवलो. तो फोटो मोठा करून पाहत राह्यला.

"हा टायर अन् हे माप जुळत नाई," म्हने. "समोर वजनदार मानसं बसतात का? इकोची समोरची सीट चाकाच्या डोक्यावरच असते. रिकामी असताना मी तुले पाह्यजे तसं माप दाखवतो. बसल्यावर काय होते ते गाडीले मालूम."

मशीनवाल्यानं तेच सांगतलं जे लटारूभाऊनं बाजेवर बसून सांगतलं होतं. माही दोरी बरोबर होती. मशीनबी बरोबर होती. रिकामी वॅन एकदम सरळ होती. पन रिकामी वॅन चंद्रपूरले जातच नोती.

वापस येताना मोठीमाय झोपली होती. मी ब्रेकरवर हळू नेलो.

आज बुधवार. सकाळीच वॅन दुकानासमोर सपाट जागेवर लावलो. मोठीमायले म्हटलो, "एक घंटा समोर बसशीन का? माप घ्याचं हाय." ती लगेच येऊन बसली. आता ड्रायव्हरच्या सीटवर लटारूभाऊएवढं वजन पायजे होतं. मी सत्तर किलोचं धानाचं पोतं आनून बसवलो, पायाजवळ सात-आठ इटा रचलो, अन् पोतं लुढकू नये म्हनून सीटबेल्ट लावलो.

मोठीमाय त्याच्याकडं पाहून म्हने, "हा कोन होय?"

"ड्रायव्हर."

"लटारूपेक्षा चांगला हाय. पानी मोजत नाई."

मी वॅन चारही कोपऱ्यावरून दाबून हालवलो, म्हनजे स्प्रिंगा आपल्या जागेवर येतात. मंग दोरी तानलो, पट्टी लावलो. डावं चाक दीड सूत बाहेर फाकलेलं. उजवं एक सूत, म्हनजे इंचाचा आठवा हिस्सा. ओळंबा सोडून पाह्यलो तं दोन्ही चाकाचे डोके आत. एवढे दिवस मी रिकाम्या वॅनले पट्टी लावून लोकाइले सांगत होतो का माही दोरी चुकत नाई.

काम करत गेलो. चाकामांगचे बोल्ट ढिले करून चाकाचं डोकं जेवढं बाहेर येते तेवढं ओढून कसलो. टाय रॉड पाव-पाव फेरा, दोन्हीइकडं सारखा, दर वेळी वॅन थोडी समोर ढकलून, मांगं आनून, परत माप. तासाभरानं दोन्ही कडा सारख्या आल्या, मोठीमाय अन् पोतं बसलेले असताना. आता दर रविवारी टायरवर पंजा फिरवाचा, आतल्या कडेवर, दोन्हीइकडून. करवत लागली का त्याच दिवशी दोरी लावाची. पाच हजार किलोमीटरले समोरचे चाक मांगं. हे मी पहिलेच करू शकत होतो.

तेवढ्यात हेमराजभाऊ मोटरसायकलवर आला. पोत्याकडं पाह्यलं, सीटबेल्टकडं पाह्यलं.

"हे काय होय?"

"लटारूभाऊ," मी म्हटलो.

"मजाक करून राह्यला का?"

"नाई. त्याइचं वजन."

"कायले पायजे वजन?"

मी खालीच झोपलेला होतो. मले त्याच्या फक्त चपला दिसत होत्या. पन्नास गोष्टी सांगता आल्या असत्या. नवे टायर हायेत, पहिल्यांदा वजनावर पाहा लागते, काईबी. त्याले काय कळते.

वरून मोठीमाय म्हने, "सांग ना बापा. मलेबी कळू दे, मी इथी घंटाभरापासून काऊन बसली ते."

मी तसाच खालून सांगतलो. चपलाइकडं पाहून. लटारूभाऊनं बसवून मोजाले सांगतलं होतं ते, मी बैलबंडीचं बोल्लो ते, पंक्चरच्या दिवशी तार पाह्यली ते, खिळा म्हटलो ते. स्टेपनीचंबी सांगतलो. तारेची बाजू वर केली तेबी.

 मंग हेमराजभाऊ खाली बसला, वाकला अन् माही कॉलर धरून मले अर्धा बाहेर ओढला. मी तोंड पुढं केलो, मार म्हटलो. त्यानं मारलं नाई. टपरीकडं पाह्यलं, कोनी ऐकलं का म्हनून. अन् हळूच म्हनला, "अजून कोनाले सांगतला?"

"कोनालेच नाई."

"मंग इथीच संपव. टायर नवे आले, माप झालं. आता तू चालव."

"अन् लटारूभाऊ?"

"लटारूभाऊले मी चार लोकात बोल्लो. आता काय घरी जाऊन पाय धरू त्यायचे? उद्या सगळे म्हनतीन, हेमराजले अक्कल नाई, पोट्ट्याच्या चुकीवर म्हाताऱ्याले काढला. झालं ते झालं."

अन् मले बरं वाटलं. हे सांगाची शरम वाटते, पन खरं हाय. एक मिनिट छातीवरून जॅक उतरवल्यासारखं वाटलं. सांगून झालं, मार नाई पडला, सीटबी माहीच राह्यली. मी हो म्हनाले तोंड उघडलो होतो.

"हेमराज," मोठीमाय म्हने. आमी दोघंबी तिले विसरलो होतो.

"काय होय माय?"

"मी उतरत नाई."

"म्हनजे?"

"लटारू येईपर्यंत मी ह्या गाडीतून उतरत नाई. त्याचं पोतं बसवता अन् त्याले घरी बसवता."

"माय, ऊन चढून राह्यलं. तब्येत पाय आपली."

"तब्येत मी रोजच पाहते. आता तू पाय." अन् बाटली उचलून त्याले दाखवलन तिनं. "ह्या रेघेपर्यंत हाय. दुपारपर्यंत पुरवते मी. मंग तुमचं तुमी पाहा."

"पियुषनं केलं, अन् मले काऊन बोलून राह्यली?"

"त्यानं लपवलं. तू तं उघडून पाह्यलं नाई. मानूस तीस वर्षांचा ओळखीचा, अन् टायर दोन महिन्यांचा. कोनाचं ऐकलं तू?"

हेमराजभाऊ लाल झाला. वॅनभोवती एक चक्कर मारला, दोरीत पाय अडकला, शिवी देल्ली. मंग ताडपत्रीची एक बाजू सोडली, वॅनच्या टपावरून ओढली, मायवर सावली केली. अन् मोटरसायकलची चाबी माह्या छातीवर फेकली. 

आता मी जिबगावले लटारूभाऊच्या ओट्यावर बसलो हाय. येऊन अर्धा घंटा झाला. हे सगळं फोनवर लिहून राह्यलो, कारन हात रिकामा ठेवला का उठून पळून जावं वाटते. येताना रस्त्यानं बोलाचं ठरवत आलो. भाऊ, माही चूक झाली. मंग वाटलं, चूक तं मापाची होती, स्टेपनीची चूक नोती, ते जानून केलो. त्याले काय म्हनाचं ते अजून सापडून नाई राह्यलं.

सुगंधाबाई, लटारूभाऊच्या बायकोनं, पानी देल्लं. बस म्हटलं नाई, मी आपनच बसलो.

"कशाले आला?"

"भाऊले भेटाले."

"भाऊ जेवत नाई तीन दिवसापासून. टायर खाऊन पोट भरलं म्हने त्यायचं."



"काकी, टायर माह्यामुळं गेले."

"मले मालूम हाय," ती म्हने. सूप घेऊन तांदूळ पाखडत होती, ते थांबवलं नाई. "त्याच दिवशी सांगतलं मले. मी म्हटली, मंग तिथी काऊन नाई बोल्ले? म्हने, बोल्लो असतो तं हेमराज म्हनला असता, म्हातारा पोट्ट्यावर ढकलून राह्यला. पोट्टा उभाच होता तिथी. त्याच्या तोंडानं निघते का पाहत होतो."

म्हनजे दुकानासमोर भाऊनं माह्याकडं एकदा पाह्यलं होतं, ते त्याच्यासाठी होतं. अन् मी नट कसत होतो.

"कुठी हायेत भाऊ?"

"तलावाच्या पारीवर. जाळं विनून राह्यले. तुही मोटरसायकल येताना दिसली तिथून. येनार असते तं आले असते."

इथून दिसतात ते. पळसाच्या खाली, आमच्याकडं पाठ करून, पांढरा दुपट्टा. हात हालून राह्यले हायेत. मी आलो हे त्याइले मालूम हाय, अन् मी अर्धा घंटा ओट्यावर बसून हाय हेबी मालूम हाय.

आता हेमराजभाऊचा फोन आला. म्हने, माय उतरून नाई राह्यली, बाटलीत दोन रेघा राह्यल्या, तू काय करून राह्यला तिथी. मागून मोठीमायचा आवाज येत होता, "त्याले घाई करू नको, पन लवकर जा म्हना."

सुगंधाबाईनं सूप खाली ठेवलं अन् माह्याकडं पाहून राह्यली हाय. मले आता पारीकडं निघा लागते.